लाइट वरूनच गेलीय

भाचा पुण्याला हिंजवडीत एका कंपनीत आहे. तो तिथं नेमकं काय करतो हे त्याच्या आईला सांगता येत नाही आणि मला विचारता येत नाही. मी तेहतीस वर्षं हायस्कूलला इंग्रजी शिकवलंय. त्यानं सांगितलं आणि मला कळलं नाही, तर ती गोष्ट संध्याकाळपर्यंत पारावर पोचेल.

गेल्या मे महिन्यात तो घरून काम करायची परवानगी काढून आठ दिवस आमच्याकडं आला. आमचं गाव केज तालुक्यात, बालाघाटच्या उतरणीवर. पहिल्या दिवशी सकाळी अकराला माजघरात, मामीच्या लोखंडी कपाटाकडं पाठ करून, वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली माझी लुंगी अशा वेशात तो मीटिंगला बसला. पडद्यावर आठ-दहा चौकोन, प्रत्येक चौकोनात एक डोकं. मी ओसरीवर बियाण्याच्या शेंगा फोडत होतो. पाचच मिनिटं झाली असतील, डोक्यावरचा पंखा रेंगाळला, थांबला आणि भिंतीवरचा वायफायचा डबा विझला. भाच्यानं घाईघाईनं मोबाइलचं नेट जोडलं आणि अगदी शांत आवाजात सगळ्या चौकोनांना सांगितलं, "सॉरी, देअर वॉज अ स्मॉल ग्लिच."

लाइट आली दुसऱ्या दिवशी दुपारी चारला. एकोणतीस तासांचा स्मॉल ग्लिच.

शिक्षकाची खोड काही जात नाही. कुणी शब्द चुकीच्या जागी बसवला की माझा उजवा हात आपोआप खिशातलं लाल पेन चाचपतो. मी कपाटावरचा कोश काढला. त्यात भागलं नाही म्हणून भाच्याच्याच मोबाइलवर, त्यात चार्जिंग होतं तोवर, शोधलं. शब्द तसा तरुण आहे. अमेरिकेतल्या रेडिओ आणि टीव्हीवाल्यांच्या तोंडी तो आधीपासून होता, पण चारचौघांना समजावून सांगितला जॉन ग्लेननं. पृथ्वीभोवती फेऱ्या मारणारा हा पहिला अमेरिकन माणूस. २० फेब्रुवारी १९६२ला 'फ्रेंडशिप-७' यानातून तो वर गेला. त्याच वर्षी सात अंतराळवीरांनी मिळून लिहिलेलं एक पुस्तक आलं. त्यात तो सांगतो की आमच्या अडचणींना आम्ही ग्लिच म्हणतो, पण शब्दशः धरायचं तर विजेच्या प्रवाहात व्होल्टेज एकदम उसळणं किंवा बदलणं म्हणजे ग्लिच. शब्दाचं मूळ यिडिश भाषेत असावं असा बऱ्याच कोशकारांचा कल आहे. तिथं त्याचा संबंध निसरडीशी, पाय घसरण्याशी.

पाय घसरणं! म्हणजे माणूस घसरतो, सावरतो, कुणी पाहिलं का म्हणून इकडंतिकडं बघतो आणि काही झालंच नाही अशा थाटात चालायला लागतो. ग्लिच तेवढाच. घसरून आडात पडला आणि दुसऱ्या दिवशी चारला दोर लावून वर काढला, तर त्याला ग्लिच म्हणत नाहीत.

ग्लेनच्या त्याच उड्डाणात खराखुरा ग्लिच घडला. यान वर असताना जमिनीवरच्या लोकांना सिग्नल दिसायला लागला की यानाचं उष्णतेपासून वाचवणारं कवच सैल झालंय. ते निसटलं तर परत येताना माणसाची राखसुद्धा सापडायची नाही. सगळ्यांचे प्राण कंठाशी. कवचावर पट्ट्यांनी बांधलेला रॉकेटांचा संच एरवी उतरताना टाकून द्यायचा असतो, तो तसाच राहू दे, असं ग्लेनला सांगण्यात आलं. तो सुखरूप उतरला. मग कळलं, कवच ठाकठीक होतं, खबर देणारा स्विचच बिघडला होता. माझ्या मोटारसायकलचा पेट्रोलचा काटा गेली कित्येक वर्षं हेच करतो. टाकी काठोकाठ भरली तरी तो खाली मान घालून बसतो. मी काट्यावर विसंबत नाही, टाकीचं झाकण उघडतो, गाडी दोन्ही पायांत धरून हलवतो आणि खळखळ ऐकतो. नासाला ती सोय नव्हती.

ग्लेननं तीन फेऱ्या मारून खाली यायला पाच तासही घेतले नाहीत. त्या हिशोबानं भाच्याच्या ग्लिचमध्ये त्याच्या सतरा फेऱ्या झाल्या असत्या आणि वर आल्यावर प्रत्येक वेळी त्याला केज तालुका काळाच दिसला असता.

भाच्याला मी हे सगळं समजावून सांगितलं. तो म्हणाला, "मामा, ऑफिसमध्ये सगळ्यालाच ग्लिच म्हणतात. मग तुमच्याकडं काय म्हणतात?"

आता आमच्याकडं काय म्हणतात हे सांगायचं तर बैठक मारावी लागेल. 'बिघाड' हा शब्द आमच्याकडं फक्त वर्तमानपत्रात राहतो, तोही 'तांत्रिक' हा जोडीदार घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. माणसं बोलतात ते इंग्रजी. पण पुण्यामुंबईसारखं सढळ हातानं नाही, तोलूनमापून. गावातल्या पोराला दहा ओळींचा निबंध येणार नाही, पण 'शॉट', 'फॉल्ट', 'ट्रिप' आणि 'ब्रेकडाऊन' यांच्यातला फरक तो झोपेतून उठवलं तरी सांगेल. सगळ्यात किरकोळ म्हणजे 'फ्यूज गेला'. घरातला मामला, तांब्याची तार कुठूनतरी काढायची आणि गुंडाळायची. त्यावर 'डीओ उडाला'. हा डीपीवरचा मामला. डीपी म्हणजे गावाला वीज वाटून देणारा ट्रान्सफॉर्मर, त्याला आमच्याकडं कुणी ट्रान्सफॉर्मर म्हणत नाही. त्यावर 'जंप तुटला', म्हणजे खांबावरचा दोन तारा जोडणारा तुकडा. त्यावर 'अकराच्या लाइनवर फॉल्ट', त्यावर 'तेहतीसवर फॉल्ट'. हे आकडे किलोव्होल्टचे आहेत हे ज्याला माहीत नाही तोही ते बरोबर वापरतो. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर एक वाक्य आहे, जे बोललं की प्रश्नच संपतो: "लाइट वरूनच गेलीय."

या 'वरून'ची जादू बघा. बोलणारा बोट वर करतो. ऐकणारा बोटाच्या दिशेनं बघतो. तिथं सबस्टेशन नसतं, आभाळ असतं. 'वरूनच गेलीय' म्हटलं की फोन खाली ठेवायचा, अंगणात खाट टाकायची. आमची आई जिवंत असताना हे ऐकून हात जोडायची. तिनं वरचा म्हणजे कोण हे कधी विचारलं नाही आणि आम्हीही तिला सबस्टेशन समजावण्याच्या भानगडीत पडलो नाही.

'ट्रिप'नं मात्र मला फसवलं. मी वर्गात ट्रिप म्हणजे सहल असं शिकवत आलो. एकदा वायरमन सांगून गेला की फीडर ट्रिप झालाय, तेव्हा आमच्या मंडळींनी साळसूदपणे विचारलं, "कुठं गेलाय?" आम्ही हसलो, पण अर्थ काही फार चुकला नव्हता. गेला होता खरा, आणि आला तेव्हा दमूनच आला. लाइट लागली ती भगभगीत नव्हती, पेटत्या विडीच्या टोकाएवढी.

शब्द कानावर पडले तसे आमच्या जिभेनं ते घासूनपुसून घेतले. विहिरीच्या तळाशी पाइपाला जो फूट-व्हॉल्व्ह असतो, त्याला आमच्याकडं सरसकट 'फुटबॉल' म्हणतात. विहिरीत फुटबॉल गेलाय आणि तो काढायला पोहणारा माणूस पाहिजे, हे वाक्य शहरातल्या पाहुण्याला खेळाचं वाटतं, इथं ते पाच हजारांच्या खर्चाचं असतं. आणि 'अर्थिंग'! उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंग मिळत नाही, मग त्या खड्ड्यात मीठ आणि पाणी ओतायचं. एका वर्षी गावाला टँकर सुरू असताना शेजारचे नाना प्यायच्या पाण्यातली एक घागर अर्थिंगला ओतत होते. मी म्हटलं, "नाना, काय करायलात हे?" ते म्हणाले, "सर, अर्थ लागंना झालाय." मराठीच्या पेपरात मी ह्या वाक्याला पैकीच्या पैकी दिले असते.

पण सगळ्यात पल्लेदार शब्द 'फॉल्ट'च. इंग्रजीत फॉल्ट म्हणजे दोष, आणि दोष म्हटला की कुणाचा तरी. 'इट इज माय फॉल्ट' हे वाक्य मी तेहतीस वर्षं पोरांकडून पाठ करून घेतलं. आमच्याकडं येऊन या शब्दानं एकच गोष्ट सोडली: मालक. फॉल्ट असतो, फॉल्ट शोधतात, रात्री बॅटरी घेऊन खांबाखांबावर शोधतात, फॉल्ट सापडतो, फॉल्ट काढतात. इतकं सगळं होतं, पण तो कुणाचा होता हे वाक्य कुणी तयार करत नाही. व्याकरणच नाही तसं.

परळीचं उदाहरण घ्या. परळी वैजनाथ, बारा ज्योतिर्लिंगांतलं आमचं, आणि औष्णिक वीज केंद्रही आमचंच. २०१३च्या फेब्रुवारीत ते अख्खं केंद्र बंद ठेवावं लागलं. यंत्रं धडधाकट होती. कोळसा जाळून पाण्याची वाफ करायची आणि वाफेवर चाकं फिरवायची असा तो कारभार, आणि गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यात पाणीच उरलं नाही. चूल पेटलेली आणि वर रिकामं भगुलं. त्याला मात्र कुणी फॉल्ट म्हटलं नाही, ट्रिप म्हटलं नाही. तेव्हा लोक आपलं साधं मराठीत म्हणाले, 'परळी बंद पडली.' दुष्काळाला अजून इंग्रजी शब्द लागत नाही.

हे सगळे शब्द ज्याच्याकडून ऐकावेत असा गावात एकच माणूस आहे. तो झिरो वायरमन आहे. पद कुठल्याही कागदावर नाही, पगाराचा आकडा पदाच्या नावातच आहे. खरा वायरमन चार-सहा गावांना एक, म्हणून तो खाली उभा राहतो आणि झिरो वर चढतो. हा माझा जुना विद्यार्थी. नववीत मी त्याला इंग्रजीत दोनदा नापास केलं होतं. दिवाळी झाली की त्याचे आईबाप ऊसतोडीला कारखान्यावर जायचे, कोयत्याबरोबर पोरंही जायची आणि पट्टा पडला की उन्हाळ्यात परत यायची. हजेरीपटात त्याच्या नावापुढं आम्ही इंग्रजीत लिहायचो: ड्रॉप आउट. त्या वर्षी एकट्या माझ्या वर्गात तसे नऊ होते.

भाचा आल्याच्या तिसऱ्या दिवशी तो डीपीवर होता. डीपी आमच्या ओसरीवरून दिसते. मी खाली जाऊन उभा राहिलो.

"काय रे, काय झालं?"

"डीओ पडलाय, सर. मधला."

"डीओ म्हणजे काय, ठाऊक आहे का?"

वरून आवाज आला, "ड्रॉप आउट की, सर. तुम्हीच तर लिव्हायचे."

मी गप्प बसलो. मग त्यानंच समजावलं. लोड जास्त झाला की आतली बारीक तार वितळते आणि ती नळी सुटून खाली लोंबकळते. लांबूनच दिसावी म्हणून तशी केलेली असते. "त्यो पडतो म्हणून डीपी वाचती, सर. न्हाई तर आख्खी जळंल."

लाल पेन खिशातच राहिलं.

त्याच्या हाताखाली मी आणखी एक धडा घेतला. माझी विहिरीवरची मोटर चालू होईना. स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं की नुसतं 'खट्' व्हायचं. त्यानं येऊन चार स्क्रू काढले, झाकण उघडलं आणि आतल्या दोन पट्ट्यांच्या मधून वाळलेली पाल शेपटीला धरून बाहेर काढली. पट्टीला पट्टी टेकत नव्हती, एवढाच आजार. तो म्हणाला, "शंकेची पाल, सर," आणि बांधावर भिरकावली. एका कोंबडीनं ती उचलली.

आता अमेरिकेत हेच कसं झालं बघा. ९ सप्टेंबर १९४७. हार्वर्ड विद्यापीठाचा मार्क-२ नावाचा खोलीभर पसरलेला संगणक अडला. लोकांनी उघडून पाहिलं तर एका रिलेच्या पट्ट्यांमध्ये पतंग अडकलेला. त्यांनी तो चिमट्यानं काढला, नोंदवहीत चिकटपट्टीनं चिकटवला आणि खाली लिहिलं की खराखुरा किडा सापडल्याची ही पहिलीच केस. ती वही आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. यंत्रातल्या दोषाला 'बग' म्हणजे किडा म्हणायची चाल त्याआधीचीच, एडिसननं १८७८ सालच्या पत्रात हा शब्द वापरलाय. म्हणून तर त्यांना त्या पतंगाचं एवढं हसू आलं. तरी माझं म्हणणं आहे, आम्ही पालीच्या बाबतीत जरा हलगर्जी केली. वहीत चिकटवली असती तर केजलाही एक संग्रहालय झालं असतं. पण वही असती तरी वर्षाला पाच-सहा पाली, मुंग्यांची दोन वारुळं, डीपीवरचे सरडे आणि खारी धरल्या तर ती कपाशीच्या गाठोड्याएवढी झाली असती. शिवाय 'किडा सापडला' ही बातमी ज्या जिल्ह्यात बोंडअळीनं कापसाची बोंडं आतून खाल्ली तिथं कुणी हौसेनं चिकटवून ठेवत नाही.

भाचा हे ऐकून खूश झाला आणि म्हणाला, "मग हा बग होता, ग्लिच नव्हता." पोरगं शिकत होतं.

चौथ्या दिवशी मी त्याला मुद्दाम बाजारच्या गावी नेलं. तिथं एक केंद्र आहे, जिथं सगळे दाखले, सगळी केवायसी आणि सगळे हप्ते एका खोलीत अडकलेले असतात. तिथला मुलगा बोलतो त्यात तीनच शब्द: 'सर्व्हर डाऊन', 'एरर' आणि 'उद्या'. सर्व्हर डाऊन हा शब्द तर आता माणसांनाही लागलाय. जेवणानंतर डुलक्या घेणाऱ्या म्हाताऱ्याचा सर्व्हर डाऊन असतो, सोयरीक मोडलेलं पोरगं भिंतीकडं बघत बसलं की ते हँग झालेलं असतं, आणि हाक मारून ओ न देणाऱ्या सुनेला रेंज नसते.

आमच्या पुढं एक मावशी होती. साठीची, हातात पिशवी, पिशवीत प्लॅस्टिकच्या कागदात आधार कार्ड. तिनं काचेवर अंगठा ठेवला. यंत्रानं लाल दाखवलं. मुलानं तिचा अंगठा ओल्या फडक्यानं पुसला, पुन्हा ठेवला, लाल. मग तर्जनी, मग मधलं बोट, मग डावा हात. लाल, लाल, लाल. मुलगा म्हणाला, "मावशी, तुमचा अंगठाच येईना."

मावशीनं अंगठा उलटासुलटा करून पाहिला. बोटाचं टोक चिंचोक्यासारखं गुळगुळीत. तीस वर्षं ऊस तोडला, मोळ्या बांधल्या, कापूस वेचला, भांडी राखेनं घासली, त्यात रेघा झिजून गेलेल्या. ती म्हणाली, "आता ह्यो कुठून आणू दुसरा?"

मला कसनुसं झालं, आणि त्याचं कारण वेगळंच होतं. नव्वदच्या दशकात साक्षरता अभियान आलं तेव्हा आम्ही मास्तर लोक रात्री कंदील घेऊन वस्त्यांवर जायचो. अशाच बायकांचे हात धरून त्यांना सही शिकवायचो. 'अंगठेबहाद्दर' ही शिवी पुसायची असा चंग होता. किती जणींनी पाटीवर महिनाभर आपलं नाव गिरवलं! आणि आता त्याच बायका खिडकीपुढं उभ्या राहून म्हणतात की मला सही येते, तर खिडकीतला पोरगा म्हणतो, सही नको, अंगठा द्या.

भाचा हळूच म्हणाला, "मामा, हा डिव्हाइसचा ग्लिच आहे." बरोबर बोलला. यंत्र घसरत होतं. पण त्या खोलीत कुणी तसं म्हणत नव्हतं. तिथं बिघाड मावशीच्या अंगठ्यात होता.

मला १९ जुलै २०२४ आठवलं. शुक्रवार होता, आषाढी होऊन दोन दिवस झाले होते आणि पंढरपूरहून परतणाऱ्या वारकऱ्यांनी एसटी भरून चालल्या होत्या. त्या दिवशी जगातल्या संगणकांचं रक्षण करणाऱ्या एका सॉफ्टवेअरचं नवं रूप सदोष निघालं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख संगणक निळे पडले. विमानं थांबली, दवाखाने अडले, आपल्याकडच्या विमानतळांवर बोर्डिंग पास हातानं लिहून दिले. त्याला बातम्यांत कितीजण ग्लिच म्हणत होते! ८५ लाख यंत्रं आडवी झाली तर पाय घसरला, आणि एका बाईचा अंगठा उमटला नाही तर अंगठाच खराब. हे मला इंग्रजीचा मास्तर म्हणून पटत नाही. बाकी, त्या दिवशी विमानतळ नसल्याचा बीड जिल्ह्याला फार फायदा झाला. आणि एसटीतल्या कंडक्टरचं यंत्र कधीही रुसलं तरी त्याच्या पेटीत तिकिटांचा जुना ट्रे असतोच, तो काढून खट् खट् भोकं पाडायला सुरुवात होते. हातानं लिहिलेल्या बोर्डिंग पासचं मग काय कौतुक करायचं?

मावशीचं काम शेवटी डोळ्यावर झालं. बुबुळाचं यंत्र दुसऱ्या दुकानात होतं, ते मागवून आणलं. त्यात बघताना तिनं विचारलं, "ह्याच्यात काय दिसतंय?" मुलगा म्हणाला, "काय न्हाई, मावशी, तुम्ही दिसायलात." तेव्हा कुठं ती हसली.

परत येताना झिरो वायरमन पारावर भेटला. भाच्याच्या देखत मी त्याला ग्लिचचा ग्लेननं सांगितलेला अर्थ सांगितला. म्हटलं, "व्होल्टेज एकदम उसळतं, एकदम पडतं, पुन्हा जागेवर येतं. अमेरिकेत त्याला ग्लिच म्हणतात. आपल्याकडं शब्द आहे का?"

तो विचारातसुद्धा पडला नाही. "डीमफुल की, सर."

मी थबकलोच. डीम-फुल! जन्मभर ऐकतोय. 'लाइट डीमफुल व्हायलीय, टीव्ही बंद करा.' 'डीमफुल झाली अन् फ्रिज गेला.' दोन इंग्रजी शब्द, दोन्ही अचूक, मधे एकही क्रियापद नाही, आणि अर्थ असा की ऐकतानाच डोळ्यांपुढं बल्ब मिचकावतो. ग्लेनच्या देशाला बहुधा यिडिशमधून उसना शब्द आणावा लागला. आमच्याकडं नववी नापास पोरानं, किंवा त्याच्या आधी कुठल्यातरी दुसऱ्या नववी नापासानं, तो जागच्या जागी बनवला. भाच्यानं मोबाइल काढून तो लिहून घेतला. वायरमननं स्पेलिंगही सांगितलं, चुकीचं, पण ठामपणे.

"मग सरळ एकोणतीस तास गेली तर?" भाच्यानं विचारलं.

"त्येला डीमफुल न्हाई म्हणत, दादा. त्येला गेली म्हणतात."

आठव्या दिवशी भाच्याची शेवटची मीटिंग होती. बंगळुरूहून मोठे साहेब येणार होते. या साहेबांच्या तोंडून आठवडाभरात इंग्रजीखेरीज अवाक्षर ऐकू आलं नव्हतं, आणि इंग्रजीही अशी की मी ओसरीवरून शेंगा फोडायच्या थांबवून ऐकत बसायचो. भाच्यानं त्या दिवशी लुंगी मात्र बदलली नाही. सुरुवात झाली. साहेब बोलत होते. पंखा एकदम जोरात फिरला, मग मंदावला, मग पुन्हा जोरात. ट्यूब मिचकावली.

डीमफुल, मी मनात म्हटलं.

मग डीपीकडून 'फट्' असा आवाज आला आणि सगळं शांत. भाच्यानं मोबाइलचं नेट जोडलं. चौकोन परत आले. तो म्हणाला, "सॉरी, सर, देअर वॉज अ स्मॉल..." आणि थांबला. माझ्याकडं बघितलं. मी शेंगांकडं बघितलं. चोख शब्द शोधायला त्याला दोन सेकंद लागले असतील. "सर, द डीओ हॅज फॉलन."

सगळे चौकोन गप्प. कुणीतरी खोकलं. मग मधल्या मोठ्या चौकोनातून आवाज आला, त्याच साहेबांचा, पण अगदी वेगळा, आपल्या गावाकडचा:

"एकच पडला का तिन्ही?"

भाचा लुंगी सावरत ओसरीवर धावत आला, डोळ्यांवर हात धरून डीपीकडं बघितलं आणि तसाच आत पळाला.

"मधला, सर."

"मग काय न्हाई," साहेब म्हणाले, "झिरोला फोन लाव."